पणजोबांचा खुळखुळा

वाचकहो, इतरांना सल्ला देणाऱ्या डॉक्टरची चूक त्याच्याच घरात उघडी पडावी, असा प्रसंग गेल्या वर्षी माझ्यावर आला. तो आपणापुढे मांडतो आहे, कारण हीच चूक प्रेमापोटी आपल्याही घरी घडत असेल.

माझे वडील शाळेत शिक्षक होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचे वळणदार अक्षर हळूहळू मुंगीएवढे बारीक होत गेले, उजवा हात थरथरू लागला आणि पार्किन्सन्सचे निदान झाले. या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात; हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात. त्यांची ओढाताण पाहवेना, म्हणून मी घरात सांगून टाकले, की अण्णांना काहीही करू द्यायचे नाही. सदऱ्याची बटणे आम्ही लावू लागलो, पोळीही कुस्करून देऊ लागलो. अण्णा अबोल झाले. थरथरता हात मांडीखाली दडपून बसू लागले.

मे महिन्याच्या सुटीत माझी सहा वर्षांची नात आली. तिला खुळखुळा करायचा होता आणि घरात रिकामे असे तिचे पणजोबाच होते! एकाच नारळाच्या दोन करवंट्या दोघांनी खरवडून स्वच्छ केल्या, कडा पॉलिशपेपरने घासल्या. मग अण्णांनी चिमटीत एकेक चिंचोका धरून वीस चिंचोके करवंटीत टाकले. काही निसटले, नातीने ते पलंगाखालून शोधून पुन्हा त्यांच्या हाती दिले. घाई दोघांनाही नव्हती. शेवटी करवंट्या जुळवून सांध्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे चार थर चिकटवले आणि खुळखुळा दोन दिवस वाळत ठेवला.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी तो हातात घेऊन हात मांडीवर टेकला, तोच थरथरीने खुळखुळा आपोआप वाजू लागला. नात उद्गारली, "पणजोबा, तुमचा हात न वाजवताच वाजवतो!"

आम्ही सारे गोरेमोरे झालो. तिची आई तिला दटावणार, एवढ्यात अण्णा खळखळून हसले. कित्येक महिन्यांनी आम्ही ते हसू ऐकले. "आता वाजवून दाखवतो," असे म्हणून त्यांनी हात उचलला, आणि ठेक्यात खुळखुळा हलवताना थरथर बरीच ओसरली.

यात चमत्कार नव्हता. या आजारातील थरथर मुख्यतः हात विसावलेला असताना दिसते आणि तो कामाला लागला, की पुष्कळदा कमी होते. हे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो, रुग्णांना सांगतही होतो. घरी मात्र मी त्याच हाताचे काम काढून घेतले होते.

पुढे आणखी एक उपयोग सापडला. उंबरठ्याशी अण्णांची पावले जमिनीला खिळत. मी शेजारी आधाराला उभा राही, नात संथ तालात खुळखुळा वाजवी आणि त्या तालावर अण्णा पाऊल उचलीत. बाहेरून मिळणारा नियमित ताल अशा काही रुग्णांना चालताना साहाय्य करतो. फिजिओथेरपिस्टही त्याचा उपयोग करतात.

आपणही हा प्रयोग जरूर करावा, पण काही पथ्ये पाळून. करवंटी फोडणे, खरवडणे मोठ्यांनी करावे किंवा जवळ बसून करवून घ्यावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके वा खुळखुळा देऊ नये. दाणा घशात अडकू शकतो. तालावर चालताना आधाराला माणूस हवाच. औषधांच्या वेळा चुकवू नयेत आणि चालण्याचे व्यायाम तज्ज्ञांना विचारूनच सुरू करावेत.

खुळखुळ्याने अण्णांचा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. माझे फर्मान मात्र मी मागे घेतले. आता सदऱ्याची वरची दोन बटणे ते स्वतः लावतात. त्यात दहा मिनिटे जातात, मला दवाखान्यात पोहोचायला उशीर होतो. तोवर मी हात मागे बांधून उभा राहतो. वाचकहो, सेवा करणाऱ्याला शिकावी लागणारी सर्वांत अवघड गोष्ट हीच आहे.