तळे राखील तो

‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण बहुधा लाचखाऊ कारकुनाला लावतो. परंतु संस्थानी शिकारीच्या हकीकती वाचताना मला तिचा दुसरा आणि अधिक सरळ अर्थ दिसू लागतो. ज्याला पाणी चाखावयाचे असते, तोच तळे मनापासून राखतो!

कोल्हापूरच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या माथ्यावर दाजीपूरचे रान आहे. हे छत्रपतींचे राखीव शिकारीचे रान. येथे परक्याच्या बंदुकीला मज्जाव होता तो काही करुणेपोटी नव्हे. पण त्यामुळे रान राहिले आणि रानाबरोबर गवाही राहिला. 1958 साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. 1985 साली त्याचा विस्तार होऊन 351 चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले.

याच संस्थानच्या उघड्या माळांवर काळविटांचे कळप होते. शाहू महाराज व त्यांच्यामागून राजाराम महाराज यांच्या पदरी शिकारी चित्ते असत. डोळ्यांवर टोपी चढविलेला चित्ता गाडीवर बसवून कळपाच्या जवळ न्यावयाचा, टोपी काढावयाची आणि त्याला सोडावयाचे. पुढचा खेळ काही क्षणांचाच. हिंदुस्थानातील चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापूरने ते आफ्रिकेतून आणविले. 1949 साली संस्थान विलीन झाले आणि पुढे हा शौकही संपला. 1952 साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. 2022 साली कुनोच्या रानात तो आफ्रिकेतून पुन्हा आला खरा. आमच्या माळावरचे काळवीट मात्र परतले नाहीत.

शौक एक, राजे तेच; मग गवा राहिला आणि काळवीट का गेले? माझ्या मते याचे उत्तर जमिनीत आहे. दाजीपूरच्या डोंगरातून भोगावतीचे पाणी राधानगरीच्या धरणात उतरते. ते रान राखण्यात शिकाऱ्याइतकाच शेतकऱ्याचाही स्वार्थ होता. माळाला असा पाठीराखा मिळाला नाही. झाड नसलेली जमीन ती पडीक, अशी आपली समजूत. म्हणून माळावर नांगर फिरला, घरे उठली, आणि गवत गेले तसे हरिणही गेले.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलुखात मोठमोठ्या जमीनदारांची अशीच हरणांची राने आहेत. तेथला लांडगा कित्येक पिढ्यांपूर्वीच नामशेष झाला. तेव्हापासून तांबड्या हरणांना माणसाखेरीज शत्रू उरला नाही. ती वाढली की कोवळी रोपे खुडून खातात व नवे झाड उभे राहू देत नाहीत. म्हणून तेथले रखवालदार दरसाल हरणांची मोजदाद करतात आणि काही नर, काही माद्या नेमाने मारतात. ऐकावयास हे क्रूर वाटते. परंतु लांडग्याचे काम ज्याने बंद पाडले, त्याच्याच गळ्यात ते पडावे, यात एक न्याय आहे. तेथे राखणारा व चाखणारा अजून पुष्कळ अंशी एकच आहे.

आमच्याकडे ही जोडी फुटली. 1972 च्या कायद्याने गव्याची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. पण राखण कोणाच्या खर्चाने चालते? राधानगरीकडे शेती करणारे माझे एक स्नेही आहेत. गव्यांचा कळप रात्रीतून त्यांच्या उसात उतरतो. मी गव्याच्या रुबाबाची स्तुती करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, तुमास्नी गवा म्हंजे बघायची चीज. आमच्या दारात त्यो पाव्हणा. पाव्हण्यानं मुक्कामच हलवला न्हाई, तर काय करायचं?” पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण हजार किलोच्या जनावराने तुडविलेला फड त्या कागदाने उभा राहत नाही.

सुटीच्या दिवशी सड्यावर चरणारा कळप पाहून धन्य होणारे आम्ही शहरवासी आज पाणी चाखतो. माळ्यावर बसून रात्र जागणारा शेतकरी तळे राखतो. म्हणीचा हा उलटा अन्वय फार दिवस टिकणार नाही. राजाची राखण स्वार्थाची होती, म्हणूनच ती पक्की होती. आपली राखण निःस्वार्थ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तिचे मोल दुसऱ्याने भरावे एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ असतो. गव्याला डोंगरातच गवत व पाणी मिळेल अशी तजवीज करणे, नुकसानीचे पैसे पुढच्या लागणीपूर्वी शेतकऱ्याच्या हाती ठेवणे, आणि उरलासुरला माळ पडीक न म्हणता कुरण म्हणून सोडणे, ही कामे खर्चाची आहेत. आणि तो खर्च गवा पाहावयास जाणाऱ्यांनीही उचलला पाहिजे. आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. गव्यांच्या बाबतीत त्या भरवशावर राहणे आपल्याला शोभणार नाही. कारण आपण आंधळे नाही.