आधी ऐकून पाहतो, मॅडम

जुना फोन विकायचा तर कुठल्याही चहाच्या टपरीवर भेटता येतं. पाच मिनिटांत फोन पाहून होतो, पैसे येतात, दोघं आपापल्या वाटेनं जातात. ॲम्प्लिफायरचं तसं नाही. तो अकरा किलोचा धोंडा असतो, त्याला प्लग लागतो, स्पीकर लागतात, आणि घेणारा वाजवून पाहिल्याशिवाय घेत नाही. घेऊही नये. म्हणजे हाय-फाय विकायचं तर एका अनोळखी माणसाला अर्धा-पाऊण तास आपल्या हॉलमध्ये बसवावं लागतं.

आमच्या हॉलमध्ये आई आणि मी, दोघीच असतो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. नंदनवनचं घर सोडून आम्ही बेसा रोडला फ्लॅटमध्ये आलो आणि त्यांचा सेट एकदम भिंतभर दिसायला लागला. यामाहाचा ॲम्प, सोनीचा कॅसेट डेक, सोनोडाइनचे स्पीकर. ॲम्प १९८९ साली बाबांच्या मित्रानं कुवेतहून आणलेला. तेव्हा असा परदेशी माल इथल्या दुकानात सरळ मिळत नव्हता, कुणीतरी आखातातून यावं लागायचं. स्पीकर मात्र कोलकात्याच्या कंपनीचे. पाहुणे आले की बाबा आधी ही सगळी कहाणी सांगायचे आणि मग गाणं लावायचे. बरेच पाहुणे गाण्यापर्यंत पोचायचे नाहीत.

विकायचं आईनं ठरवलं. "वाजत नाही तर ठेवायचं कशाला?" मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, आता मिहानमध्ये कोड लिहिते, पण शिकलेलं अजून आठवतं. ते सगळं तिच्याच बाजूनं होतं. बंद पडून राहिलेल्या ॲम्पमधले कपॅसिटर वाळत जातात. स्पीकरच्या कोनाभोवती फोमची कड असेल तर पंधरा-वीस वर्षांत तिचा भुगा होतो. डेकमधला रबरी बेल्ट डांबरासारखा चिकट होतो. कापड टाकून जपणं या वस्तूंना मानवत नाही. प्रश्न एवढाच होता की विकायचं कुठं.

पहिला पर्याय सगळ्यांचा असतो तोच, मोबाईलमधलं जाहिरातींचं ॲप. फोटो काढताना मागची खिडकी, देवघर, भिंतीवरची माझी सर्टिफिकेटं येऊ दिली नाहीत. पत्ता फक्त 'दक्षिण नागपूर', नंबर लपवलेला. पहिल्या दिवशी चौदा मेसेज. "लास्ट किती?" हे तर राष्ट्रीय अभिवादन आहे, त्याचं काही नाही. पण एकानं स्पीकर किती ओहमचे विचारलं, मी आठ सांगितलं, तर तो म्हणाला, "घर में भैया है तो बात कराओ ना." मी तोच आकडा पुन्हा सांगितला. त्यानं पुन्हा भैया मागितला. दुसऱ्याला रात्री साडेदहाला घरी येऊन ऐकायचं होतं. "आधी ऐकून पाहतो, मॅडम." मागणी रास्तच, पण वेळ पाहा. घरी कोण कोण असतं हेही त्यानं सहज विचारून घेतलं. तो सभ्य माणूसही असेल, पण मला ते दार उघडून तपासायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो प्रसिद्ध फौजी आला. कामठीला पोस्टिंग आहे, लगेच बदली आहे, सेट न पाहताच घेतो, गाडी पाठवतो. कामठीला ब्रिटिशांच्या काळापासून छावणी आहे, म्हणून नागपूरकराला ही गोष्ट लगेच पटते. पुण्यात हाच माणूस खडकीला असतो. पुरावा म्हणून त्यानं वर्दीतला फोटो आणि कँटीनचं कार्ड पाठवलं. ही कागदपत्रं बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी चोरलेली असतात. मग एक क्यूआर कोड आला, "स्कॅन करा, पैसे जमा होतील."

हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीत असेल, पण तुमच्या आईला एकदा नक्की सांगा. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात. येण्यासाठी ना स्कॅन लागतं, ना पिन. पूर्वी असे लोक थेट पैसे मागणारी रिक्वेस्ट पाठवायचे. व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी ती सोय एनपीसीआयनं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. क्यूआर मात्र चालूच आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा, लाज वाटून घेत बसायचं नाही.

ॲपवरून मन उठल्यावर एका शोरूममध्ये विचारलं. नव्या साउंडबारच्या बदल्यात चार हजार वजा करतो म्हणाले. भंगारवाल्यानं ट्रान्सफॉर्मरमधल्या तांब्याकडे पाहून किलोचा भाव सांगितला. निदान तो प्रामाणिक होता.

शौकिनांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर भाव चांगला मिळाला. बंगळुरूच्या एकानं एकट्या ॲम्पचे बावीस हजार सांगितले, प्रश्नही नेमके विचारले. नागपूर देशाच्या मध्यावर आहे असं आपण झिरो माइल दाखवून सांगतो, पण असल्या वस्तूंचे शौकीन नेमके कडेला राहतात: मुंबई, चेन्नई, बंगळुरू. म्हणजे कुरिअर आलं. ॲम्पचं सगळं वजन ट्रान्सफॉर्मरमध्ये, एका बाजूला. खोकं एकदा आदळलं तर बाहेरून ओरखडाही दिसत नाही आणि आत सर्किट बोर्डला चीर गेलेली असते. मग तुटलं कुठं, नागपुरात की वाटेत, हे दोन भली माणसं आयुष्यभर भांडत बसू शकतात. पस्तीस वर्षं जुन्या वस्तूचं बिल नाही, तर भरपाई मागायची कशावर? मी नाही म्हटलं.

रस्ता सापडला तो सीताबर्डीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात. मी फक्त व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर साफ करून घ्यायला गेले होते. काका सत्तरीचे, दुकान दहा बाय आठचं. त्यांनी विचारलं, विकायचं आहे का? मग म्हणाले, "घरी काहून बोलावता लोकांना? मशीन इथं आणून टाका. ज्याला पाहायचं तो इथं पाहील. मले पाच टक्के द्या."

किती साधं होतं! दुकानात प्लग आहे, वर्दळ आहे, समोर रसवंती आहे, आणि मशीन उघडून दाखवणारा तिसरा माणूस आहे. घेणाऱ्यालाही माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज उरत नाही. तोही घाबरलेला असतो, हे विकणारा विसरतो. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, या शहराच्या वस्त्यांना वारांची नावं आहेत ती बाजारांमुळे. सौदा चारचौघांत करायचा हे इथं आधीपासून ठरलेलं आहे, मोबाईलनं तो हॉलमध्ये आणून ठेवला.

तीन आठवड्यांनी अमरावतीचे एक दादा आले. बायको, मुलगी आणि स्वतःची एक घासलेली कॅसेट घेऊन. काकांनी वूफरच्या कोनावर दोन्ही हातांची बोटं ठेवून तो हलकेच आत दाबला. कॉइल घासत असेल तर तिथंच आवाज येतो. आला नाही. डाव्या चॅनलला अजून किंचित खरखर होती, ती मी स्वतःच आधी सांगितली. दादांनी चाळीस मिनिटं ऐकलं, सत्तावीस हजारांना पूर्ण सेट ठरला.

पैसे त्यांच्याच खात्यातून घेतले. ते म्हणाले होते, मित्र टाकेल, मी नको म्हटलं. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत आपल्या खात्यात आला तर पोलीस आपलंही खातं गोठवू शकतात, आणि मग ते सोडवायला चकरा माराव्या लागतात. नाव जुळलं, मग स्क्रीनशॉटवर न थांबता बँकेच्या ॲपमध्ये रक्कम पाहिली. दादांना राग आला नाही. त्यांनीही माझ्याकडून सीरियल नंबर टाकलेली पावती सही करून घेतली.

आई दुकानात यायची नव्हती, पण आली. स्टुलावर बसून ती त्या मुलीकडेच पाहत होती. सेट गाडीत चढल्यावर दादांना म्हणाली, "वर कापड टाकू नका हं. गरम होतो तो. ह्यांनी कधी टाकू दिलं नाही."

मग दोन वर्षं टाकलेलं कापड तिनं घडी करून पिशवीत ठेवलं.

दादांनी कॅसेटांचं विचारलं होतं, वेगळे पैसे द्यायलाही तयार होते. आई नाही म्हणाली. घरी परतताना मी तिला म्हटलं, डेक गेला, आता त्या वाजवायला आपल्याकडे काही नाही. "माहीत आहे," म्हणाली. दोनशेच्या वर आहेत. सध्या माझ्या पलंगाखाली आहेत.