पासवर्ड बरोबर असूनही

विंडोज ९५ नवं होतं तेव्हा ती पुण्यातल्या एका सीएच्या ऑफिसात नुकतीच नोकरीला लागली होती. कॉम्प्युटर केबलने जोडले गेले आणि या टेबलावरून त्या टेबलावर फ्लॉप्या नेणं थांबलं. फोल्डर शेअर करताना दोन पासवर्ड देता यायचे, एक फक्त वाचण्यापुरता आणि दुसरा बदल करू देणारा. आत येणारा माणूस कोण, हे फोल्डर विचारायचाच नाही. पासवर्ड कळला की कोणीही आत.

त्या सोयीतली खोट २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये उघड झाली. विंडोज ९५, ९८ आणि एमईमध्ये पासवर्डची किती अक्षरं ताडून पाहायची, हे आत येऊ पाहणाराच ठरवू शकत होता. त्याने एकच अक्षर पाठवलं आणि ते जुळलं, तरी फोल्डर उघडायचा. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती काढली. तिने ती ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर स्वतः चढवली, आणि हिशेब तपासण्यापेक्षा हेच काम आपलं, हे तिला तेव्हा कळून चुकलं.

पुढे लहान ऑफिसांत फायली ठेवायला नासचे डबे आले. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात सांबा नावाचं सॉफ्टवेअर असतं. त्याची सुरुवात अँड्र्यू ट्रिजेल या कॅनबेरातल्या विद्यार्थ्याने १९९१च्या अखेरीस केली. केबलमधून काय जातंय-येतंय ते निरखून त्याने समोरच्या सर्व्हरची भाषा शिकून घेतली. तिला या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. तिच्या रोजच्या कामाची पद्धतही हीच: पडद्यावरच्या संदेशावर न थांबता दोन यंत्रं एकमेकांशी खरोखर काय बोलतायत ते पाहायचं.

कारण संदेश दिशाभूल करतो. “ताई, पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी घेत नाही,” असा फोन येतो आणि पुष्कळदा माणूस खरंच बोलत असतो. विंडोज न विचारताच आधी स्वतःच्या लॉगिनचं नाव पुढे करतं. कुणी लॅपटॉप उघडण्याचा पिन टाकत असतो, तो डब्याच्या कामाचा नाही. कुणाचा जुना पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवण्याच्या जागी, बसलेला असतो.

सगळ्यात छळणारी चूक १२१९ क्रमांकाची. सकाळी कुणी ऑफिसच्या सामाईक नावाने एक फोल्डर उघडतं आणि दुपारी त्याच डब्यावरचा पगाराचा फोल्डर स्वतःच्या नावाने उघडायला जातं. विंडोज एका वेळी एका सर्व्हरशी दोन नावांनी बोलू देत नाही. पासवर्ड कितीही वेळा टाकला तरी व्यर्थ. ‘नेट यूज’ ही कमांड देऊन जुनी जोडणी शोधायची, तोडायची आणि साठवलेलं नाव पुसायचं. डब्याच्या नावाऐवजी आयपी पत्ता टाकला तरी काम निघतं, कारण विंडोजला तो वेगळा सर्व्हर वाटतो. पण ती हे रोजच्या वापरासाठी सांगत नाही. पुढच्या माणसाचा गोंधळ त्याने वाढतो.

आणखी एक चकवा आहे. वापरणाऱ्याच्या नावात एक अक्षर चुकलं, तर काही डबे त्याला अनोळखी समजून पाहुणा म्हणून आत घेऊ पाहतात. विंडोज पाहुणा व्हायला नकार देतं आणि संस्थेच्या सुरक्षा धोरणाचं कारण पुढे करतं. एकट्याने घरी काम करणाऱ्याला कसली संस्था आणि कसलं धोरण! पासवर्ड तर तपासलाही गेलेला नसतो. इतकी महत्त्वाची गोष्ट सांगणारं वाक्य इतकं दुर्बोध असावं, याचा तिला आजही राग येतो.

कडकपणाबद्दल मात्र तिची तक्रार नाही. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो एसएमबीच्या, म्हणजे विंडोज आणि हे डबे फायलींसाठी जी भाषा बोलतात तिच्या, पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण असंख्य मशीनवर ती चढलेली नव्हती. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १०मधून ही आवृत्ती काढून टाकायला सुरुवात झाली.

हल्ली तिच्याकडे येणारे फोन बरेचदा विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीचे असतात. त्यातलं प्रो प्रत्येक जोडणीवर डिजिटल सही मागतं, पाहुण्याला थारा देत नाही, आणि जुने डबे तिथेच अडतात. “ते जुनं चालू करून द्या ना, पूर्वी चालायचं,” असं मालक म्हणतात. ती आधी डब्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहते. कंपनीने अपडेट बंद केले असतील, तर सगळा डेटा नव्या डब्यावर उतरवते आणि प्रत्येकाचं वेगळं खातं उघडते. पगाराचा फोल्डर कुणाला दिसावा, हे मालकाकडून लिहूनच घेते.