न आलेल्या गाडीची वाट

दक्षिण स्पेनमधील पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा या गावांदरम्यान १९२० च्या दशकात रेल्वेमार्गाचे काम सुरू झाले. बोगदे खोदले, पूल उभारले, स्थानकेही बांधली. पण १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले. पुढे गाडी कधी आलीच नाही. वाट पाहता पाहता पिढ्या सरल्या.

आज त्याच ३६ किलोमीटरच्या वाटेवर सायकली धावतात. मोटारींना मज्जाव! तीस बोगदे, ऑलिव्हच्या बागा, कड्यावर घिरट्या घालणारी गिधाडे. आगगाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून वाटही सौम्य. आजोबा आणि नातू दोघांनीही जोडीने जावे अशी. जुन्या स्थानकांत आता प्रवासी जेवतात, मुक्काम करतात. गाडी आली नाही, पाहुणे मात्र आले. अर्धवट राहिलेले कामही कधी असे कामी येते.