दिवाडीला वळसा

मांडवीतील बेटांवर जाणारी बहुतेक मंडळी फेरीबोटीने जातात. पाच-दहा मिनिटांत पैलतीर येतो आणि नदीचा विचार तेथेच संपतो. ही बेटे पाण्याच्या बाजूने पाहिल्यावाचून कळत नाहीत, असे आमचे मत आहे. गेल्या मार्गशीर्षात पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एका स्नेह्यांनी आपली यंत्राची होडी दिवसभरासाठी आमच्या स्वाधीन केली, आणि आम्ही पाच शिक्षक रायबंदरहून सकाळीच निघालो. दिवाडीला वळसा घालून परतावयाचे, एवढाच बेत.

डाव्या हातास प्रथम लागते ते चोडणचे टोक. येथील खारफुटीत १९८८ पासून डॉ. सालिम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर, पण यंत्र बंद करून स्वस्थ बसले की ते अपुरे वाटत नाही. बगळे आणि खंड्या आमच्याकडे लक्षही न देता आपापल्या उद्योगात होते.

चोडण आणि दिवाडी यांच्यामधील पात्रात शिरलो तेव्हा भरती पुरी होत आली होती. तारी इतका वेळ गप्प होता, तो एकाएकी म्हणाला, "मास्तर, पळयात. शेत सकयल, उदक वयर." आम्ही उभे राहून पाहिले. मातीच्या बांधापलीकडील शेत खरोखरच आमच्या होडीच्या पातळीहून खाली पसरले होते! रस्त्याने जाताना ही खाजन शेते शंभर वेळा पाहिली असतील. परंतु ती नदीच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन आहे, हे त्या क्षणी जसे उमगले तसे पुस्तकांनी कधी उमगले नव्हते.

या व्यवस्थेचा जीव असतो मानशीत. मानस म्हणजे बांधातील लाकडी दारांची मोरी. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा दारे आपोआप मिटतात. सुकती लागली की आतले पाणी ती ढकलून बाहेर पडते. माणसाने फक्त दारांची आणि बांधाची निगा राखावयाची. पूर्वी ती गावकरी राखीत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले. काही ठिकाणी ते उत्तम चालते, काही ठिकाणी कागदावरच. बार्जींच्या लाटांनी बांध झिजतात. त्याहून वाईट म्हणजे, मानशीवरील मासळीचा लिलाव होतो आणि मासळी अधिक यावी म्हणून कित्येकदा दारे मुद्दाम उघडी ठेवली जातात. खारे पाणी आत राहिले की कोरगुटासारखे खारे सोसणारे भातही हात टेकते, आणि चार-सहा वर्षांत शेताच्या जागी खारफुटी उभी राहते. तशी दोन शेते तारीने आम्हांला दाखविली. त्यांतील एक त्याच्या मामांचे होते.

पुढे नार्वे. दिवाडीवर नार्वे आणि पैलतीरी डिचोलीतही नार्वेच. कदंबांचे कुलदैवत श्रीसप्तकोटेश्वर मूळचे दिवाडीचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार नेण्यात आले, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील मंदिराचा जीर्णोद्धार करविला. ज्या पाण्यावरून देव गेला त्याच पाण्यावर आमची होडी होती. कोणीच काही बोलले नाही.

जुवें बेटाला आज भेंडीसाठी ओळखतात. नोव्हेंबर १६८३ मध्ये मात्र संभाजी महाराजांच्या सैन्याने रात्री, पाणी ओसरल्याची संधी साधून, हे बेट गाठले व तेथील किल्ला घेतला. विजरई स्वतः तो परत घेण्यास आला आणि घायाळ होऊन परतला. भरती-सुकतीचे वेळापत्रक कोणाला अधिक चांगले ठाऊक होते, हे उघडच आहे.

कुंभारजुव्याच्या कालव्याच्या तोंडाशी मगर दिसेल म्हणून आम्ही बराच वेळ डोळे ताणले. दिसली नाही. या कालव्याच्या दुसऱ्या अंगास, झुआरीकाठी, दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, शेताचे रक्षण कर म्हणून. या विधीला भाबडेपणा म्हणणाऱ्यांनी एकदा फुटलेला बांध पाहावा.

परतताना दिवाडीच्या काठावरील बोटी बांधण्याचा कारखाना तारीने अभिमानाने दाखविला. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ‘म्हादेई’ येथेच जन्मली. ऐन प्रवासात आम्हांला मळमळत होते, हे त्या ठिकाणी आम्ही सांगितले नाही.

चारच्या सुमारास सुकती चांगलीच लागली होती. एका मानशीपाशी तारीने होडी थांबविली. दारे उघडली होती आणि शेतातले गढूळ पाणी जोराने नदीत येत होते. एक म्हातारा गुडघाभर चिखलात उभा राहून एका दाराच्या फटीत माती आणि पेंढा बोटांनी ठासून भरत होता. तारीने त्याला हाक मारली. मान वर न करताच त्याने हात हलविला आणि पुन्हा फटीत घातला.