पहिल्या ओळीतली जागा

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. सकाळचे रुग्ण संपत आले होते. वाडीवरच्या एक आजी नातवाला घेऊन आत आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी घडी घातलेला वहीचा कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "शाळंतल्या बाईंनी दिलाय. डॉक्टरांनाच द्या म्हनाल्या."

महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे जन्मगाव. आंबेगाव तालुक्यातील या गावात मी गेली पंचवीस वर्षे दवाखाना चालवतो. येथील अनेक घरांतील तरुण चाकणच्या कारखान्यांत कामाला आहेत आणि नातवंडे गावी आजी-आजोबांजवळ वाढतात. त्यामुळे मुलांची दुखणी माझ्याकडे येतात ती बहुधा आजीच्या बोटाला धरून. हा मुलगाही असाच आला होता.

कागदावर चारच ओळी होत्या. मुलगा दुसरीत आहे. फळ्यावरून उतरवून घेतलेले बिनचूक असते, पण सांगून लिहायला दिले की चुकते. 'साठ' सांगितले तर 'आठ' लिहितो. मागे बसवले तर हाकेला ओ देत नाही, समोर बसवले तर देतो. कृपया कान तपासावेत.

तो कागद वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली. मुलगा काही माझ्यासाठी नवा नव्हता. कान वाहतो म्हणून त्याला तीनदा माझ्याकडे आणले होते. तिन्ही वेळा मी औषध लिहून दिले, 'कानात पाणी जाऊ देऊ नका, तेल घालू नका' असे बजावले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. त्याआधी एकदा आजींनी विचारलेही होते, "ह्यो अजून बोबडंच बोलतो, काय करावं?" त्यावर मी म्हणालो होतो, "होईल हळूहळू. काही मुलं उशिरा बोलतात." जन्मानंतर त्याला तीव्र कावीळ झाली होती आणि त्यासाठी त्याचे रक्त बदलावे लागले होते, हे मला ठाऊक होते. अशा मुलांची श्रवणचाचणी वेळेत करावी, हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकलोही होतो. तरीही 'हळूहळू' हा सोयीचा शब्द उच्चारून मी मोकळा झालो होतो. जे माझ्या नजरेतून निसटले, ते एका शिक्षिकेने शुद्धलेखनाच्या वहीत वाचले.

त्या दिवशी मी मुलाला पाठमोरे उभे केले आणि मागून हळू आवाजात एकेक शब्द म्हणत गेलो. 'बाबा', 'गाडी', 'वांगं' हे शब्द त्याने बरोबर परत म्हटले. 'सात' म्हटल्यावर तो 'आत' म्हणाला. 'साखर' म्हटल्यावर नुसताच वळून माझ्या तोंडाकडे पाहू लागला. त्याला आवाज येत होता. पण 'स', 'श', 'फ' यांसारखी बारीक, उंच पट्टीची व्यंजने पोहोचत नव्हती. अशा मुलाला बहिरा म्हणावे तर तो हाकेला वळतो, आणि ऐकू येते म्हणावे तर सांगितलेले त्याला कळत नाही. मग त्याला नाव पडते 'आगाऊ', 'मठ्ठ' किंवा 'लक्ष नसलेला'.

मी आजींना हे समजावून सांगू लागलो. त्यांनाही कमी ऐकू येत असल्यामुळे मोठ्याने बोलावे लागत होते. सारे ऐकून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला ऐकू येत नाय, तर समदी जनं मोठ्यानं बोलत्यात. ह्याला ऐकू येत नाय, तर ह्यो मार खातो."

विशेष गरजा असलेल्या बालकांविषयी मी अनेक व्याख्याने ऐकली आहेत, पण इतके नेमके वाक्य एकाही व्याख्यानात ऐकले नाही. म्हातारपणी ऐकणे, दिसणे, आठवणे कमी झाले की आपण ती शरीराची उणीव मानतो आणि सांभाळून घेतो. तीच उणीव सात वर्षांच्या मुलात दिसली की तो आपल्याला त्याचा दोष वाटतो. शाळेचा आधार सुरू होतो तो या दोषाला उणीव म्हणून ओळखण्यापासून. पुढचे सारे त्यानंतरचे.

पुण्यात तपासणी झाली. दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाची श्रवणहानी होती. डावा कान अधिक अधू होता आणि त्याच्या पडद्याला छिद्रही होते. श्रवणयंत्र लागणार होते, परंतु वाहत्या कानात यंत्राचा साचा बसवता येत नाही. आधी कान कोरडा व्हायला हवा होता. दुसरी अडचण कागदाची निघाली. कायद्याने बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते आणि मुलाची श्रवणहानी त्या रेषेच्या आत भरली. मोफत यंत्राची आशा मावळली. कान कोरडा होणे, कांद्याची पट्टी हाती येणे आणि चाकणहून वडिलांनी थोडे पैसे पाठवणे या तिन्ही गोष्टी जमून यायला पाच महिने गेले.

त्या पाच महिन्यांत शाळेने काय केले, ते मला मुद्दाम सांगायचे आहे. कारण तोवर शाळेकडे ना यंत्र होते, ना प्रमाणपत्र.

बाईंनी मुलाला पहिल्या ओळीत, उजवा कान वर्गाकडे येईल असे बसवले. फळ्यावर लिहिता लिहिता बोलायची सवय त्यांनी सोडली. आधी लिहायचे, मग मुलांकडे तोंड करून बोलायचे. शुद्धलेखनाचे वाक्य त्या मुलाच्या समोर उभे राहून सांगत आणि एकदा फिरून म्हणत. "समजलं का?" असे विचारले की प्रत्येक मूल मान डोलावते, म्हणून त्या "मी काय सांगितलं, ते तू सांग" असे म्हणू लागल्या. शेजारी एक चुणचुणीत मुलगी बसवली. पान क्रमांक कळला नाही, तर ती बोटाने दाखवी. शाळेचे छप्पर पत्र्याचे. जोराचा पाऊस आला की चांगल्या कानांच्या मुलांनाही काही ऐकू येत नाही. अशा वेळी बाई सगळ्या वर्गालाच लेखी काम देत, म्हणजे एकटा तोच मागे पडत नसे. या साऱ्याला पैसा लागला नाही, पण लक्ष मात्र रोज द्यावे लागले.

पंचायत समितीच्या गट साधन केंद्राकडून विशेष शिक्षक शाळेला भेट देत. समग्र शिक्षा योजनेखाली अशी व्यवस्था आहे. ते आले की मुलाकडून 'स' आणि 'श' यांचे उच्चार करून घेत आणि आजींना घरी करायचा सराव दाखवत. परंतु एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असतात, हेही खरे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षक आणि अशा विद्यार्थ्यांचे प्रमाण ठरवताना प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक शिक्षक असावा, असे म्हटले. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत हे चित्र अजून दूर आहे. म्हणूनच रोज वर्गात उभ्या राहणाऱ्या शिक्षिकेचे मोल मला अधिक वाटते.

याच सुमारास आणखी एक मूल मला काही शिकवून गेले. तिसरीतल्या एका मुलीच्या पोटात दर सोमवारी दुखत असे. मी जंताचे औषध दिले, लघवी तपासली; काही निघाले नाही. सोमवारी शाळेत प्रकट वाचन असते, हे तिच्या आजोबांशी बोलताना कळले. तोंडी हिशेबात ती आजोबांच्याही पुढे होती, परंतु छापील ओळ समोर आली की अक्षरे तिला जुळवता येत नसत. पुढे तपासणीत ती अध्ययन अक्षमता असल्याचे स्पष्ट झाले. वर्गासमोर मोठ्याने वाचायची सक्ती थांबली, उत्तरे तोंडी घेतली जाऊ लागली आणि पोटदुखी माझ्या औषधाविनाच गेली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एकूण २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि अध्ययन अक्षमता त्यांपैकी एक आहे. अशा अक्षमता मुलांमध्ये लवकरात लवकर ओळखाव्यात, हे शाळांचे कर्तव्य असल्याचे हा कायदा सांगतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेपर्यंत जाणेच शक्य नसलेल्या, तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी गृहाधारित शिक्षणाची तरतूद आहे. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, मुलींसाठी विद्यावेतन यांविषयी मुख्याध्यापकांकडे चौकशी करावी. वैश्विक ओळखपत्र काढून ठेवले, तर ते पुढे अनेक ठिकाणी उपयोगी पडते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रमाणपत्र पैशांच्या सवलतींसाठी लागते. पहिल्या ओळीत बसवायला ते लागत नाही. 'आधी कागद आणा, मग बघू' असे कोणी म्हटले, तर नम्रपणे पण ठामपणे हे सांगावे.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक जण नातवंडांना सांभाळत असतील. मूल तुमच्या सहवासात दिवसाचे कितीतरी तास असते. आम्हा डॉक्टरांपुढे ते पाच मिनिटे बसते. तेव्हा तुमच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा. मूल दूरचित्रवाणीचा आवाज वाढवते का, पाठीमागून हाक मारल्यास वळत नाही का, पुस्तक नाकाजवळ धरते का, बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहून हातातली वस्तू सोडते का, ठरावीक वारीच आजारी पडते का, याची नोंद एखाद्या जुन्या वहीत करून ठेवा. ती वही शिक्षकांना दाखवा आणि डॉक्टरांनाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आणि माझ्यासारखा कोणी डॉक्टर 'होईल हळूहळू' म्हणाला, तर 'किती दिवस वाट पाहू आणि तोवर कोणती तपासणी करू?' हा प्रश्न त्याला विचारा. मला तो कोणी विचारला असता, तर या मुलाची दोन वर्षे वाचली असती.

यंत्र आले, तेव्हा आजींच्या मनात वेगळीच भीती होती. "मशीन दिसलं, तर लोक नावं ठेवतील," असे त्या म्हणत. पहिले काही दिवस त्यांनी मुलाच्या कानांवरून टोपी ओढून शाळेत पाठवले. बाईंनी ती टोपी काढायला लावली नाही. त्यांनी मुलाच्या संमतीने एक दिवस ते यंत्र सगळ्या वर्गाला दाखवले, ते कसे चालते ते मुलानेच सांगितले आणि चष्म्यासारखीच ही वस्तू असल्याचे वर्गाला पटले. टोपी चार दिवसांत आपोआप घरी राहू लागली. आजींचे काम मात्र वाढले. रोज रात्री यंत्र कोरड्या कापडाने पुसायचे, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, आंघोळीपूर्वी काढायचे. बटणासारखी बॅटरी धाकट्या भावंडाच्या हाती लागू नये म्हणून मी त्यांना ती उंच फळीवर ठेवायला सांगितली. अशी बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजते आणि तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

मुलगा आता सहावीत आहे. सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. उशिरा ऐकलेले शब्द उशिराच रुजतात. वाचनात तो अजून मागे आहे आणि गोंगाटात त्याची दमछाक होते. डाव्या कानाच्या शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे. परंतु तो शाळेत जातो आणि दांडी मारत नाही.

गेल्या महिन्यात आजी स्वतःच्या रक्तदाबासाठी आल्या होत्या. सोबत तो होता. मी गोळ्यांची वेळ सांगितली, ती त्यांना ऐकू आली नाही. मी आवाज चढवणार, इतक्यात मुलगा उठला, त्यांच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला, त्या आपल्याकडे पाहत आहेत याची खात्री केली आणि न ओरडता, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "सकाळी एक, रात्री एक." मग विचारले, "मी काय सांगितलं, ते सांग."

आजींनी सांगितले. त्यानंतर मी त्यांनाही श्रवणचाचणीची चिठ्ठी लिहून दिली. या वेळी 'हळूहळू' म्हटले नाही.