दिव्याखालचा अंधार

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या पुण्याहून आठ दिवसांकरितां कळमेश्वरास आला. आला तो काम संगें घेऊनच. आमच्याकडील दुपारीं सारें घर माजघराचा आश्रय करून निजतें. हा मात्र पंख्याखालीं बसून संगणकाच्या पडद्यावरील तांबड्या-हिरव्या ओळी न्याहाळीत असे. "कसला हिशेब रे हा?" मीं विचारलें. "काका, परीक्षकांची परीक्षा," तो हसून म्हणाला.

पायथन नांवाची संगणकाची भाषा ग्विदो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केली. तिच्याबरोबर मिळणाऱ्या तयार साहित्याचा पुष्कळसा भाग त्याच भाषेंत लिहिलेला आहे, व तो निर्दोष राहावा म्हणून असंख्य चाचण्या रचलेल्या आहेत. त्या चाचण्या कोणकोणत्या ओळींपर्यंत पोहोंचतात, हें मोजणारें साधन निराळें. त्याचा आरंभ गॅरेथ रीस यांनीं २००१ सालीं केला. २००४ पासून नेड बॅचेल्डर यांनीं तें पुढें चालविलें. चाचणींत जी ओळ चालली ती हिरवी. जिला कोणी शिवलेंच नाहीं ती तांबडी.

गंमत अशी कीं, हें साधनही मुख्यतः पायथनमध्येंच लिहिलेलें! तें जागें होण्यापूर्वीं भाषेला स्वतःचे कांहीं भाग उघडावेच लागतात, आणि तेव्हां चाललेल्या ओळींची नोंद घेण्यास कोणी हजर नसतें. सबब ज्या ओळी हरघडी चालतात त्याच तांबड्या दिसतात. अगदीं आरंभीं उघडणाऱ्या एका भागाच्या जागीं तोतया बसवून मोजणी तेथूनच सुरू करण्याची युक्तिही एके काळीं योजली होती म्हणे.

"म्हणजे सगळें हिरवें झालें कीं तुम्हीं सुटलां?" मी म्हणालों.

"छे, काका! हिरवी म्हणजे ओळ चालली, एवढेंच. बरोबर चालली कीं नाहीं, तें निराळें." एसक्यूलाइट या माहिती सांठविण्याच्या साधनाची कथा त्यानें सांगितली. तेथें प्रत्येक फांटा चाचण्यांखालून गेल्याची ख्याति. तरी २०१५ सालीं मिखाल झालेव्स्की यांनीं वेड्यावांकड्या आज्ञांचा मारा करणारें यंत्र त्यावर सोडलें, तों थोडक्याच श्रमांत वीसाहून अधिक दोष हातीं लागले.

त्या दुपारीं मला झोंप लागली नाहीं. एकतीस वर्षें मी शिक्षक होतों. दर वर्षीं 'अभ्यासक्रम पूर्ण' असें मींच लिहीत असें, आणि प्रश्नपत्रिकाही मींच काढीत असें. संत्र्यांच्या बागेंत राबणाऱ्या एका गड्याचा मुलगा माझ्या वर्गांत होता. हजेरी भरपूर, कविता खणखणीत म्हणे. मीं त्याला वर चढविला. पुढें कित्येक वर्षांनीं तो स्टेशनावर भेटला. पायां पडला, आणि खिशांतून एक कागद काढून म्हणाला, "गुरुजी, येवढं वाचून द्या."

चष्मा घरीं विसरला असेल, असें मीं तेव्हां स्वतःस समजाविलें होतें. वास्तविक वर्गांत सर्वांबरोबर म्हणतांना त्याचा स्वर मीं ऐकला होता. एकट्याला उभें करून नवें पान त्याच्यापुढें कधीं ठेवलें होतें, तें आठवेना.

चहाच्या वेळीं पुतण्याजवळ जाऊन बसलों. एक तांबडी ओळ नुकतीच हिरवी झाली होती. "उत्तर बरोबर आलें कीं नाहीं, हें यांत कोठें पाहतोस?" मीं विचारलें. त्यानें पडद्यावर बोट ठेवलें, क्षणभर थांबला, आणि चहा तसाच ठेवून पुन्हां लिहूं लागला.